नागपुरात पार्टी करायची? आधी शेजारच्या काकूंना भेटून या

साउंडवाल्याकडे जाऊन नुसतं 'डीजे पाहिजे' असं कधी म्हणू नका. मी म्हटलं होतं. त्याने वहीतून मान वर न काढता विचारलं, "वरात का विसर्जन?" मी म्हणालो, वरात नाही भाऊ, हॉलमध्ये पार्टी आहे, शंभर-सव्वाशे माणसं, टेक्नो वाजवणार. "मंग किती बेस लावू, आठ का सोळा?" बेस म्हणजे खालचा दणका काढणारे मोठे स्पीकर. मी म्हटलं, दोन. तेव्हा मात्र तो खरंच काळजीत पडला. "दोन बेसवर पब्लिक नाचन का, भाऊ?"

नाचली. पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. ती रस्त्यावर चालते आणि तिच्यामुळे खिडक्यांच्या काचा थरथरतात. इलेक्ट्रॉनिक संगीतात डीजे म्हणजे माणूस. तो एका गाण्यात दुसरं गाणं असं विणतो की शिवण दिसत नाही. हा फरक साउंडवाला, हॉलचा मालक, ठाण्यातले साहेब आणि स्वतःची आई या चौघांना समजावता आला की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख. पहिल्यांदाच करताय, शंभर ते दीडशे माणसं बोलावणार आहात आणि खिशात फार पैसे नाहीत, असं धरून लिहितोय. हजार माणसांचा कार्यक्रम करायचा असेल तर एखाद्या अनुभवी इव्हेंटवाल्याला गाठा.

आधी माणसं मोजा

हॉल नंतर, पोस्टर तर त्याहून नंतर. आधी कागदावर नावं लिहा. तुमच्या ओळखीत हाउस, टेक्नो, ड्रम अँड बेस असलं इलेक्ट्रॉनिक नाचायचं संगीत आपणहून ऐकणारे किती? प्रामाणिकपणे लिहिलं तर तीस-पस्तीस नावं होतात. प्रत्येक जण दोघांना घेऊन आला तर शंभर. पहिल्या पार्टीला तेवढे पुरेत. दोनशेच्या हॉलमध्ये साठ माणसं म्हणजे मुंज आटोपल्यानंतरचा मंडप वाटतो. तीच साठ माणसं ऐंशीच्या खोलीत असली की पार्टी वाटते.

मग कोणतं संगीत, ते ठरवा आणि त्यावर ठाम राहा. हाउस साधारण १२० ते १२८ ठोके मिनिटाला, टेक्नो १३० च्या आगेमागे किंवा त्याहून चढं, सायट्रान्स १४० च्या वर, ड्रम अँड बेस १७० च्या पुढे. हे सगळं एकाच संध्याकाळी कोंबू नका. नवख्या माणसासाठी हाउसपासून सुरुवात बरी, कारण त्यावर ज्याला नाचता येत नाही तोही डोलतो. आणि 'एखादं बॉलीवूड पण लाव ना' असं म्हणणारा कुणीतरी येणारच. त्याला काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. मी हसून पाण्याचा ग्लास देतो.

हे सगळं विलायती खूळ आहे असं कुणी म्हणालं तर एक गोष्ट सांगा. हाउस शिकागोत जन्मलं आणि टेक्नो डेट्रॉइटमध्ये, हे खरं. पण ज्या रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ (ताल वाजवणारं) आणि टीबी-३०३ (बेस वाजवणारं) या यंत्रांनी पुढे शिकागोत अ‍ॅसिड हाउस घडवलं, तीच यंत्रं घेऊन मुंबईच्या चरणजित सिंग या हिंदी सिनेमात वाजवणाऱ्या वादकाने १९८२ सालीच राग वाजवून ठेवले होते. अ‍ॅसिड हाउसच्या कितीतरी आधी.

तारीख: नागपूरचं पंचांग वेगळं आहे

पुण्या-मुंबईच्या पोरांना हे कळत नाही. आपल्याकडे तारीख ठरवताना चार गोष्टी पाहाव्या लागतात.

उन्हाळा बाद. नवतपात रात्री नऊलाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पावसाळ्यात बंद हॉल चालेल, उघडी जागा नाही. राहिला ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. पण तेव्हाच लग्नांचे मुहूर्त असतात. मुहूर्ताच्या तारखेला लॉन मिळत नाही, जनरेटर मिळत नाही, मंडप-खुर्च्यांचा बिछायत केंद्रवाला फोन उचलत नाही, आणि उचललाच तर दुप्पट भाव सांगतो. म्हणून कालनिर्णय काढा आणि ज्या शनिवारी मुहूर्त नाही तो शनिवार पकडा. विनोद नाही, सगळ्या नियोजनात पैसे वाचवणारी हीच एक युक्ती.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. त्या काळात शहरातलं पोलीस मनुष्यबळ बंदोबस्तात गुंतलेलं, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्चांमुळे कधी बंद होतील याचा नेम नाही, हॉटेलच्या खोल्या भरलेल्या. बाहेरगावचा डीजे बोलावणार असाल तर त्या आठवड्यांत पडूच नका. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, शहर त्यांचं असतं. तेव्हाही आपला कार्यक्रम नको. आणि येणारे विद्यार्थी असतील तर परीक्षांचं वेळापत्रक बघा.

जानेवारीचा मधला शनिवार मला सर्वांत आवडतो. थंडी, संत्री, आणि अधिवेशन आटोपलेलं.

वेळ: दुपारी चार ते रात्री दहा

लोक सर्वांत जास्त इथे वाद घालतात. पार्टी म्हणजे रात्रीच, असं डोक्यात बसलेलं. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंद सभागृहात चालतो, पण आवाज बाहेर मर्यादेतच राहिला पाहिजे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, तीही सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी. आपली टेक्नो पार्टी त्यात बसेल अशा भरवशावर राहू नका.

मग नियमाशी भांडण्यापेक्षा घड्याळ मागे घ्या. चारला दार उघडा. जानेवारीत सहाच्या सुमारास अंधार पडतो, म्हणजे पूर्ण अंधारात चार तास मिळतात. दहाला बंद. मुलींना घरी जायला मेट्रोचा विचार करता येतो (शेवटच्या गाडीची वेळ त्या आठवड्यात तपासून पोस्टरवरच टाका), हॉस्टेलची दारं बंद झालेली नसतात, आणि आईवडील 'जा' म्हणतात. माझ्या पहिल्या पार्टीत सव्वादहाला पोलीस आले. चूक माझी होती, गच्ची होती, आणि मी 'शेवटचं एक गाणं' म्हणत होतो. साहेब चिडलेही नाहीत, फक्त म्हणाले, "अकरा फोन आले तुमच्यासाठी." तेव्हापासून माझी पार्टी पावणेदहाला मंदावते.

जागा

पर्याय तीन. दारूचा परवाना असलेला कॅफे-लाउंज, लग्नाचा छोटा सेलिब्रेशन हॉल, किंवा शहराबाहेरचं फार्महाउस.

पहिल्यांदा लाउंज घ्या. धरमपेठ, सदर, रामदासपेठेत अशा जागा आहेत आणि आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी त्या रिकाम्या असतात. मालकाला गल्ल्याशी मतलब. अमुक इतकी विक्री होईल अशी हमी दिली तर भाडं माफ करतात. मात्र साउंड त्यांचाच वापरावा लागतो आणि तो बहुतेक वेळा छतात बसवलेल्या छोट्या स्पीकरांचा असतो. गप्पा मारायला ठीक, नाचायला नाही. आपले दोन बेस आणू द्याल का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

हॉल घेतलात तर फुटपट्टी घेऊन जा. चाळीस बाय पन्नासचा हॉल म्हणजे दोन हजार चौरस फूट. त्यातून डीजेचं टेबल, स्पीकर, पाण्याचा काउंटर आणि येण्याजाण्याची वाट वगळली की नाचायला बाराशे उरतात. माणशी दहा चौरस फूट धरा, म्हणजे एकशेवीस. मालक 'तीनशेचा हॉल आहे' म्हणतो तेव्हा तो पंगतीच्या खुर्च्या मोजत असतो.

बाहेर पडायची दोन दारं पाहिजेत, आणि दोन्ही त्या दिवशी कुलपाशिवाय. मागचं दार 'फुकटे शिरतात' म्हणून साखळीने बांधलेलं मी पाहिलंय. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारात रेस्टॉरंटला आग लागून चौदा जण गेले. आपली पार्टी कितीही लहान असो, आत फटाके, कोल्ड पायरो, मेणबत्त्या, थर्माकोलची सजावट काही नको. दाराशी माणूस बसवा, साखळी नको.

आता गरमीचं गणित, जे मी चुकून शिकलो. नाचणारं माणूस साधारण अडीचशे वॅट उष्णता बाहेर टाकतं. शंभर माणसं म्हणजे पंचवीस किलोवॅट. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो, म्हणजे नुसत्या माणसांसाठी सात टन हवेत, छत तापलेलं असेल तर आणखी. हॉलमध्ये दीड टनाचे दोन एसी असतील तर ते सेल्फी काढण्यापुरते आहेत. आणि कूलर? आपण नागपूरकर कूलरवर आंधळा विश्वास ठेवतो. पण कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी एप्रिलमधल्या एका पार्टीत सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या. अर्ध्या तासात भिंतींना घाम सुटला, फरशी निसरडी झाली आणि माणसं गॅलरीत जाऊन उभी राहिली. कूलरला खिडकी उघडी पाहिजे आणि शेजाऱ्याला बंद, दोघांना एकदम खूश करता येत नाही. म्हणूनही जानेवारी.

फार्महाउसबद्दल इतकंच. वर्धा रोडने पुढे पुढे जात राहिलात तर वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी आहे. स्वस्त जागा मिळाली म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी सातबारा नाही तरी जिल्हा तरी विचारा. शिवाय रात्री परतताना ट्रकांचा महामार्ग आणि तुमची पेंगुळलेली मित्रमंडळी, हे दोन एकत्र आणायचे असतील तर बस करा.

आवाज किती लांब जातो

'आजूबाजूला शेतं आहेत, कुणाला त्रास नाही' हे वाक्य फसवं आहे. हिशेब करून बघा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने घटतो. स्पीकरपासून चार मीटरवर १०० डेसिबल असेल, तर आठ मीटरवर ९४, सोळावर ८८, बत्तीसवर ८२, चौसष्टवर ७६, सव्वाशेवर ७०, अडीचशेवर ६४, आणि अर्ध्या किलोमीटरवर ५८. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. म्हणजे अर्धा किलोमीटर लांबच्या घरात तुम्ही दिवसाही नियम मोडताय. झाडं, जमीन, भिंती काही आवाज खातात, पण खातात तो वरचा, चिरका. बेस तसाच पुढे जातो.

त्यात हिवाळ्याची गंमत. दिवसा तापलेल्या जमिनीमुळे आवाज वर वळतो. संध्याकाळी जमीन झपाट्याने गार होते, वरची हवा तुलनेने गरम राहते, आणि आवाज पुन्हा खाली वाकतो. म्हणून थंडीच्या रात्री लांबच्या रेल्वेगाडीची शिट्टी घरात ऐकू येते. तुमच्या गाण्यातला ड्रमचा जाड ठोकाही तसाच ऐकू येतो.

बेस अडवणं अवघड का, तेही समजून घ्या. पन्नास हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते. पडदे, गाद्या, अंड्यांचे ट्रे लावून ती थांबत नाही. थांबवते ती जाड भिंत आणि बंद दार. म्हणून बेस बाहेरच्या भिंतीला आणि खिडकीला टेकवून ठेवू नका. दोन बेस हॉलच्या दोन कोपऱ्यांत ठेवायची साउंडवाल्यांची सवय असते. ते मध्ये, एकाला एक लागून, जमिनीवर ठेवायला सांगा. एकत्र ठेवले की ते एकमेकांना साथ देतात, वेगळे ठेवले तर खोलीत काही ठिकाणी बेस गायब आणि काही ठिकाणी छातीवर धक्का. टॉप, म्हणजे वरचा आवाज देणारे स्पीकर, मात्र स्टँडवर, डोक्याच्या उंचीच्या वर, तोंड नाचणाऱ्यांकडे.

मोबाइलवरचं डेसिबल अ‍ॅप ढोबळ अंदाजापुरतं ठीक. त्यात 'ए' आणि 'सी' असे दोन पर्याय दिसतील. नियमातले आकडे 'ए' मध्ये असतात, पण 'ए' बेसला कमी लेखतो. शेजाऱ्याची भांडी हलवतो तो 'सी' मधला आवाज. दोन्ही बघा.

आणि आता काकू. हॉलच्या चहूबाजूंनी जी घरं आहेत तिथे आठवडाभर आधी स्वतः जा. एकटे जाऊ नका, एखादी मैत्रीण सोबत असली तर दार लवकर उघडतं. सांगा: काकू, शनिवारी चार ते दहा कार्यक्रम आहे, दहाला बंद होईल, हा माझा नंबर, आवाज जास्त वाटला तर पोलिसांआधी मला फोन करा. घरात कुणी आजारी आहे का, बारावीचं कुणी आहे का, विचारा. असेल तर तारीख बदला किंवा जागा बदला, तिथे चलाखी करू नका. पार्टीच्या संध्याकाळी सात वाजता आणि परत नऊला त्याच गल्लीतून एक चक्कर मारा. एका काकूंनी मला नऊ वाजता फोन करून सांगितलं होतं, "आवाज ठीक आहे रे, पण तुमच्या पोरांनी आमच्या गेटसमोर गाड्या लावल्या." तेव्हापासून पार्किंगला एक माणूस वेगळा.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण तीन आठवडे आधी सुरू करा.

स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज: तारीख, वेळ, ठिकाण, किती माणसं, तिकीट आहे का, आयोजकाचं ओळखपत्र, जागामालकाचं संमतिपत्र. तिथून तो कुठे पाठवायचा ते तेच सांगतात, ध्वनिक्षेपकाचा परवाना त्याच ओघात मागा. वाहतूक शाखा आणि महापालिकेच्या अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला लागेल का, तेही त्याच भेटीत विचारून घ्या. सार्वजनिक हॉलला अग्निशमनाचा दाखला आधीच असायला हवा, मालकाकडून प्रत मागा. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं. ते जागा बघतानाच पाहून घ्यायचं.

गाणी वाजवण्याचा परवाना बहुतेक जण विसरतात. तो या संस्थांकडून घ्यायचा: ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल आणि नोव्हेक्स, गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस. लग्नातल्या गाण्यांना कायद्यात सूट आहे, तिकीट लावलेल्या पार्टीला ती नाही. लाउंजकडे वार्षिक परवाना असतो, पण त्यात तिकिटाचा कार्यक्रम बसतो का ते कागद बघून खात्री करा, तोंडी 'आहे ना भाऊ' यावर जाऊ नका.

दारू: महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी एकवीस, इतर दारूसाठी पंचवीस वर्षं पूर्ण पाहिजेत. तुमचे निम्मे श्रोते कॉलेजचे असतील तर हे गणित मुळातच बसत नाही. परवानाधारक जागेत ती जबाबदारी त्यांच्यावर, हातावर पट्टी बांधायची व्यवस्था तुमची. हॉलमध्ये एक दिवसाचा परवाना निघतो, पण पहिल्या वेळी मी म्हणेन दारू ठेवूच नका. संत्र्याचा ताजा रस, नारळपाणी, कडक चहा. जानेवारीत मृग बहाराची संत्री बाजारात असतात, रसवाला स्वतःहून ठेला लावायला तयार होतो.

गांजा आणि गोळ्यांबद्दल मवाळ राहू नका. अमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्यात, आपल्या ताब्यातली जागा त्या कामासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यालाही शिक्षा आहे. पोस्टरवर लिहा, दारावर सांगा, आणि कुणी दिसला तर पैसे परत करून बाहेर काढा, मित्र असला तरी.

वीज

हॉलच्या विजेवर साउंड चालतो, पण दहा मिनिटं गेली तरी पार्टी बसते, म्हणून जनरेटर ठेवा. तीस केव्हीएचा जनरेटर म्हणजे साधारण चोवीस किलोवॅट, आणि त्याला सत्तर टक्क्यांच्या वर ताणू नये. दोन बेस, दोन टॉप, लाइट, स्मोक मशीन मिळून एवढं पुष्कळ होतं. एसीही त्यावरच टाकायचे असतील तर हिशेब नव्याने करा. 'सायलेंट' म्हणून सांगतात तोच मागा आणि काकूंच्या भिंतीपासून लांब उभा करा.

साउंड आणि लाइट वेगवेगळ्या फेजवर घ्या. एकाच लाइनवर घेतले की स्पीकरमधून घुंईईई असा आवाज येतो. माझ्याकडे तो पूर्ण पहिला तास येत होता आणि मला वाटलं गाण्यातच आहे. अर्थिंग आणि तीस मिलिअ‍ॅम्पिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) आहे का ते वायरमनला दाखवायला सांगा. फरशीवरच्या वायरी टेपने पूर्ण चिकटवा. लाइट थोडेच पुरतात: चार पार लाइट (साधे रंगीत दिवे), दोन शार्पी (फिरते झोत), हलका धूर. अंधार फुकट मिळतो.

पैसे

एक सूत्र: क्षमतेच्या साठ टक्के माणसं आली तरी खर्च निघाला पाहिजे. समजा सगळा खर्च छत्तीस हजार आणि क्षमता एकशेवीस. साठ टक्के म्हणजे बहात्तर. छत्तीस हजार भागिले बहात्तर, तिकीट पाचशे. संगीताच्या कार्यक्रमाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या प्रवेशावर जीएसटी माफ आहे, त्यामुळे हा आकडा सोयीचाही पडतो. तरी एकदा सीएला विचारा. दोनशे रुपये कमी करून लवकर घेणाऱ्यांना पहिली वीस तिकिटं द्यायची तर ते चार हजार आधीच खर्चात धरा, आणि फुकट पासांची यादी दहाच्या वर जाऊ देऊ नका. नागपुरात सगळेच सगळ्यांचे भाऊ असतात.

डीजेला पैसे द्या, कमी असले तरी द्या. 'एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य ऐकून त्याने फार पेट्रोल जाळलेलं असतं.

प्रसिद्धीसाठी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरतं. पोस्टरवर वेळ, तिकीट, वयाची अट, पार्किंग आणि 'दहाला बंद' ठळक.

डीजेंचा क्रम

सहा तासांत चार जण, प्रत्येकी दीड तास. सगळ्यात नावाजलेला शेवटून दुसरा ठेवा, शेवटी नाही, कारण शेवटच्या अर्ध्या तासात माणसं गाड्यांच्या किल्ल्या शोधत असतात. पहिल्या डीजेचं काम सर्वांत अवघड. रिकाम्या फरशीसमोर ११८-१२० वर धीराने वाजवायचं, आवाज अर्ध्यावर. इथे नवखा घाई करतो, पाचलाच सगळे दारूगोळे उडवतो, आणि नंतर येणाऱ्याला काही उरत नाही. त्याच्याशी आधी बोला.

प्रत्येकाला विचारा: कशावर वाजवणार? पायोनियरचे प्लेअर असतील तर पेनड्राइव्ह दोन आणायला सांगा, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेले, कारण ते जुने प्लेअरही वाचतात. स्वतःचा कंट्रोलर आणि लॅपटॉप आणणार असेल तर चार्जर, आणि लॅपटॉपचं अपडेट बंद. टेबल कमरेपेक्षा उंच पाहिजे. बिछायतवाल्याचं जेवणाचं टेबल बुटकं आणि डुगडुगतं असतं, खाली विटा लावाव्या लागतात.

मिक्सरवर लाल दिवा लागला की आवाज वाढत नाही, फाटतो. साउंडवाल्याला आवाजाची वरची मर्यादा लॉक करायला सांगा आणि ती कुणाच्याही म्हणण्यावरून उघडायची नाही.

दार, पाणी, मुली

शंभर माणसांना सहा तासांत दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणजे वीस लिटरचे दहा कॅन, आणि ते फुकट. पाणी विकलंत तर माणसं कमी पितात आणि चक्कर येऊन पडतात. कानांत घालायचे फोमचे बोळे एका वाटीत दारावर ठेवा. ८५ डेसिबल आठ तास चालतो, पण १०० डेसिबलवर सुरक्षित वेळ पंधरा मिनिटांची. डीजेच्या बरोबर समोर उभं राहणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

दारावर एक पुरुष, एक स्त्री. सगळ्यांना दिसेल अशी ओळखीची दोन माणसं आत फिरती, ज्यांना कुणीही येऊन 'तो माणूस त्रास देतोय' म्हणू शकेल. अशी तक्रार आली की चौकशी समिती बसवायची नाही, त्या माणसाला आधी बाहेर न्यायचं. बाथरूमच्या वाटेवर आणि पार्किंगमध्ये लाइट चालू. ११२ आणि १०८ हे नंबर दारावर, आणि तुमच्यापैकी एक जण काहीही न पिता गाडीसह तयार.

त्या दिवशी

बाराला साउंड उतरवा, दोनला तपासणी. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमेल, घाबरू नका, माणसं आली की तो मऊ पडतो. तीनला जेवून घ्या, कारण नंतर कुणी जेवू देणार नाही. चारला कुणीच येणार नाही. साडेपाचपर्यंत सात जण, त्यातले चार डीजे. मग सहाच्या सुमारास एकदम. या दीड तासात फोनवर लोकांना शिव्या घालत बसू नका, गल्लीत चक्कर मारून या.

पावणेदहाला आवाज हळूहळू खाली, दहाला पूर्ण बंद आणि हॉलचे सगळे लाइट एकदम चालू. अर्धवट अंधारात माणसं रेंगाळतात, ट्यूबलाइटखाली कुणी थांबत नाही. बाहेर घोळका करून गप्पा मारणाऱ्यांना गोड बोलून पुढे पाठवा. दहानंतरची बहुतेक तक्रार संगीताची नसते, गेटवरच्या हसण्याची आणि बुलेटच्या सायलेन्सरची असते.

टेप काढताना सावकाश काढा. भिंतीवरचा रंग त्याच्यासोबत निघतो आणि हॉलवाला अनामतीतून कापून घेतो. साउंडवाल्याचे पैसे त्याच रात्री द्या, त्याच्या पोरांनी वायरी गुंडाळल्या की मोजून. रविवारी दुपारी काकूंच्या घरी पाव किलो संत्रा बर्फी नेऊन द्या आणि मार्चमधल्या कुठल्या शनिवारी त्यांच्याकडे काही कार्यक्रम नाही ना, ते विचारून या.